एवढी काहील उतरू दे

बाळासोला दिसेनासं झालंय हे बयाबाईला पहिल्यांदा कळलं ते जेवताना. ताटलीच्या कडेला ठेचा होता. हा भाकरीचा तुकडा मोडायचा, ठेच्याच्या अलीकडंच टेकवायचा आणि कोरडाच तोंडात टाकायचा. मिठाचा खडा कमी पडला तर ताटली सरकवून उठणारा माणूस. त्या दिवशी अख्खी भाकरी त्यानं कोरडी खाल्ली आणि वर म्हणाला, "झ्याक झालाय ठेचा."

ती उठली. भांडी घासायला बाहेर गेली आणि घासलेलंच पातेलं पुन्हा घासत बसली.

दोघं नेसरीच्या पलीकडची. दिवाळी झाली की गाठोडं बांधून कळंब्याच्या पुढं, गारगोटी रस्त्याला हंबीररावांच्या गुऱ्हाळावर यायची आणि ऊस संपेपर्यंत तिथंच खोपटात राहायची. बाळासो गुळव्या होता. गुऱ्हाळावर माणसं पुष्कळ असतात. कुणी चरकात ऊस घालतो, कुणी खालच्या चुलवणात जाळाला उसाची चिपाडं कोंबतो, कुणी गुळाच्या ढेपा, म्हणजे रवे, बांधतो. पण काहिलीतला, त्या भल्या मोठ्या कढईतला रस गूळ कधी झाला हे एकट्या गुळव्यानं सांगायचं असतं. त्यानं "उतरवा" म्हटलं की गडी काहिलीच्या दांड्याला हात घालतात. त्याआधी मालकानं म्हटलं तरी घालत नाहीत. लवकर उतरवली तर गूळ बसत नाही, पाघळत राहतो. उशीर झाला तर काळा पडतो आणि मार्केट यार्डात सौद्याला त्याच्याकडं कुणी ढुंकून बघत नाही.

बाळासोला एकच डोळा होता. पोरसवदा असताना काकवीचा थेंब उडून डावा गेला, तेव्हापासून सगळा संसार उजव्यावर. त्याची त्याला लाज नव्हती, उलट मिरवायचा. "दोन डोळ्यावाल्यांनी माझ्यासारकी काहील उतरवून दावावी," असं भर गुऱ्हाळात म्हणायचा आणि हंबीरराव मिशीतल्या मिशीत हसायचे. गडी त्याला अप्पा म्हणत, बयाबाईला आक्का.

दुसऱ्या दिवशी उन्हात बसून तो पायातला काटा काढत होता, म्हणजे काटा नसलेल्या ठिकाणी सुई टोचत होता. बयाबाई पुढ्यात जाऊन बसली, हनुवटी धरून त्याचं तोंड तिनं वर केलं. काळ्या बुबुळाच्या मधोमध पांढरं दिसत होतं. ताकाचा थेंब पडावा तसं.

"मोतीबिंदू हाय ह्यो."

"धूर हाय चुलवणाचा."

"धूर बुबळात बसतोय व्हय? किती दिस झालं?"

बाळासोनं तिचा हात झटकला. "असंल मोती. मग पिकू दे की. कच्चा रस उतरवतंय का कोन?"

"ह्यो काय रस हाय?"

"हळू बोल," तो म्हणाला आणि चरकाकडं कान केला. तिकडं अमरसिंह, हंबीररावांचा थोरला, ट्रॅक्टरवाल्याशी वजनावरून भांडत होता. बाळासोचा आवाज खाली आला. "गेल्या साली शेजारच्या गुऱ्हाळावरल्या म्हाताऱ्या गुळव्याचा हात थरथराय लागला. मालकानं काय क्येलं ठावं हाय न्हवं? 'लई केलासा, आता बसून खावा' म्हनला. भर हंगामात. गूळ दिला बांधून आन् यष्टीत बसवला."

बयाबाईला ठाऊक होतं. तो म्हातारा एसटीच्या खिडकीतून सगळ्यांना नमस्कार करत गेला होता.

ऊस आला नाही असा एक दिवस मिळाला. "देवाला जातो" असं सांगून दोघं शहराच्या बसनं राजारामपुरीत गेली. नेसरीच्या एका पावण्यानं पत्ता दिला होता. दवाखाना कसला, सोनाराचं दुकान वाटावं. बाळासो पुढं होता. दाराची काच त्याला दिसलीच नाही. कपाळ असं आपटलं की आतली सगळी माणसं वर बघायला लागली. टेबलामागची पोरगी धावत आली. "लागलं का हो आजोबा?" ती खरंच मायेनं म्हणाली होती, पण तिच्या मागं कुणीतरी हसलं. बाळासोनं पटका सारखा केला आणि म्हणाला, "काच लई स्वच्छ पुसलीया." बयाबाईला त्या हसणाऱ्याच्या थोबाडीत द्यावीशी वाटली.

पण काम कसं, झटपट! खुर्चीवर टेकतो न टेकतो तोवर नाव पुकारलं. डॉक्टरीणबाई शांत होत्या. यंत्राला हनुवटी लावायला सांगितली, आत उजेड टाकला, पाहिलं.

"आजोबा, पूर्ण पिकलाय. एकच डोळा आहे तुम्हाला, थांबू नका. उद्या सकाळी या, दुपारी घरी जाल."

"उद्याच?" बयाबाईचा विश्वास बसेना.

"उद्या. फार पिकला तर आत फुगतो, डोळ्यातला दाब वाढतो. मग माझ्या हातात काही राहणार नाही."

मग टेबलावरच्या त्याच पोरीनं भिंगाचे प्रकार सांगितले. कासारणीनं बांगड्या दाखवाव्यात तसे, हे साधं, हे बाहेरच्या देशातलं, हे त्याहून भारी. सगळ्यात साध्याची किंमत बाळासोनं दोनदा विचारली. अर्ध्या हंगामाची कमाई होती ती. सरकारी योजनेचं कार्ड बयाबाईनं कमरेच्या पिशवीतून काढलं. पोरीनं ते उलटून पाहिलं आणि परत दिलं. "हे आपल्याकडं नाही चालत, आजी. सरकारी दवाखान्यात फुकट करतात की. फक्त नंबर लागतो."

बाहेर रिक्षांचा कलकलाट. क्लासला जाणारी पोरं अंगावर आल्यासारखी जात होती. बयाबाई म्हणाली, "हंबीररावास्नी मागूया पैसं. न्हाय म्हननार न्हाईत."

"न्हाय म्हननार न्हाईत. पर 'कशाला' म्हनतील की."

तिनं कार्ड पुन्हा कमरेच्या पिशवीत घातलं.

सरकारी दवाखान्यात जायचं म्हणजे पुरा दिवस मोडायचा. बाळासो रोज म्हणायचा, "एवढी काहील उतरू दे, मग बगू." ती उतरायची, तर मांदणात, रसाच्या हौदात, पुढचा भरलेला असायचा. चुलवण तर एकदा पेटलं की गुळव्याला हलता येत नाही. तो गेला की चरक थांबतो, सगळे गडी हातावर हात ठेवून बसतात आणि तोडलेला ऊस उन्हात वाळतो. फुकटच्या दवाखान्याला एवढा खर्च येतो, तो कुठल्या पाटीवर लिहिलेला नसतो.

अखेर चरकाचा पट्टा तुटला. अमरसिंह सौद्याला यार्डात निघाला होता. बयाबाईनं धीर केला आणि जीपपाशी जाऊन म्हणाली, "अप्पास्नी चष्म्याचा लंबर काढायचा हाय. सरकारी दवाखान्यापतूर सोडतासा काय?"

"बसा की आक्का, त्यात काय," अमरसिंह म्हणाला. पोरगा वाईट नव्हता. वाटेत दोघांना उसळीसह वडे खायला घातले आणि पैसे देऊ दिले नाहीत.

केसपेपरची रांग दारातून बाहेर आली होती. ती सरली तर डोळ्यांच्या खोलीपुढं दुसरी. माणसं भिंतीला टेकून बसली होती, काहींनी आपल्या जागी चप्पल ठेवली होती आणि चहाला गेली होती. शाहूवाडीकडची एक म्हातारी नातवाच्या खांद्याला धरून उभी होती. तिला दोन्ही डोळ्यांनी काही दिसत नव्हतं आणि ती सारखी विचारत होती, "आपला लंबर गेला काय रं?" बयाबाईनं तिला आपल्या शेजारी जागा दिली. दोघींनी पानाची देवघेव केली. म्हातारी तिसऱ्यांदा आली होती. एकदा साखर वाढली म्हणून परत पाठवली, एकदा डॉक्टर शिबिराला गेले होते.

"येतो की," म्हातारी म्हणाली. "घरात तरी काय बगायचं हाय मला?" आणि स्वतःच हसली.

बाळासोला दाराजवळचं बाकडं मिळालं. आत भिंतीवर अक्षरांची पाटी होती, वर मोठी, खाली खाली बारीक होत गेलेली. शिपाई छडी ठेवायचा आणि माणूस वाचायचा. ट. मग प, ल. मग म, ग, न. छडी दर वेळी तशीच वरून खाली यायची. कुणी दुसऱ्या ओळीला अडायचं, कुणी तिसऱ्या. एक मास्तर वाटावा असा माणूस मात्र शेवटच्या ओळीपर्यंत घडाघडा वाचून गेला. दुपार कलली तरी नंबर आला नाही. बाळासोचे ओठ हलत होते. बयाबाईला वाटलं देवाचं नाव घेतोय. तिनंही हात जोडले.

नाव पुकारलं तेव्हा ती त्याच्याबरोबर आत गेली. आणि मागून आवाज आला, "काय अप्पा, अजून हितंच? माझा सौदा झाला बी."

अमरसिंह दारात उभा होता. गुळाला दर चांगला लागला होता, स्वारी खुशीत होती. तो आत आला आणि भिंतीला टेकून उभा राहिला.

शिपायानं बाळासोच्या डाव्या डोळ्यावर पुठ्ठा धरला. "डावा कामातनं गेलेला हाय, साहेब, ल्हानपणीच," बाळासोनं सांगितलं. छडी पहिल्या अक्षरावर गेली.

"ट," बाळासो म्हणाला.

बयाबाईला हुरूप आला. दिसतंय की माझ्या धन्याला!

"प. ल."

छडी खाली सरकली. "म. ग. न." तो मान ताठ ठेवून म्हणत होता, शाळेत कविता म्हणावी तसा. चौथी ओळ झाली, पाचवी झाली. आणि बयाबाईच्या लक्षात आलं की त्याचं तोंड पाटीकडं नाहीच. पाटीच्या बाजूला खिडकी होती, तिच्या उजेडाकडं तोंड करून तो म्हणत होता. दुपारभर ओठ का हलत होते ते तिला त्या क्षणी कळलं.

सहाव्या ओळीच्या शेवटी तो थांबला. सातवी मास्तरनं वाचली होती, पण तेव्हा बाहेर कुणाचं तरी पोर रडत होतं.

डॉक्टर कोवळा होता. समोरचा चहा गार होऊन साय धरलेला. त्यानं बॅटरी मारून डोळा पाहिला, भुवई चढवली, पुन्हा कागदाकडं पाहिलं. "मोती तर बराच दिसतोय आजोबा. पण वाचताय झकास. एवढी नजर आहे तर घाई नको. बाहेर बघा, ज्यांना हातही दिसत नाही अशी माणसं बसलीत. त्यांचं आधी करतो. तुम्ही एप्रिलमध्ये या." आणि त्यानं तसं लिहिलं.

बयाबाईचं तोंड उघडलं. डॉक्टर, खोटं हाय ह्ये, त्यांनी पाठ क्येलंय, एवढंच बोलायचं होतं.

"अप्पा म्हंजे अप्पा!" अमरसिंहनं बाळासोच्या पाठीवर थाप मारली. "मला बी ती खालची बारीक अक्षरं दिसंनात आन् ह्यो गडी वाचतोय राव! उगंच आमचा गूळ नंबर एक लागत न्हाय."

बाळासो हसला. फार दिवसांनी इतका मोकळा हसला. बयाबाईनं तोंड मिटलं. नवऱ्याला चारचौघांत उघडा पाडणं तिला जमलं नाही. दारातून बाहेर पडताना शाहूवाडीच्या म्हातारीनं विचारलं, "झालं काय बाई?" आणि ती "झालं" म्हणाली.

खोपटात आल्यावर मात्र ती फुटली. "काय मिळीवलंसा? त्यो डाक्टर फुकट डोळा देत हुता!"

"दिलाय की. एप्रिलात." बाळासो भिंतीला टेकला होता, चेहऱ्यावर समाधान. "हंगाम सपतोय, गूळ इकतोय, आन् लंबर लागतोय. अगं, मागून बी असं मिळालं नसतं."

"तवर दिसणार काय?"

"तू हाईस की," तो म्हणाला. जणू पाणी आणायला सांगत होता.

तिनं आणखी एकदा खटपट केली. अंगात कणकण आहे असं सांगून एक दिवस एकटीच दवाखान्यात गेली. पुन्हा तीच रांग. खिडकीतल्या माणसानं कागद पाहिला. "तारीख दिलीय की एप्रिलची."

"लवकर पायजे हुती. त्यास्नी कायबी दिसत न्हाय वो."

"मग पेशंट कुठाय?"

"कामावर हाईत."

तो माणूस शेजारच्याकडं बघून हसला. "कामावर जातोय म्हंजे दिसतंय की, मावशी. चला, पुढं कोण?"

बयाबाई बाजूला झाली. मागची माणसं पुढं सरकली. तिथंच भिंतीशी बसून तिनं पदर तोंडाला लावला आणि मनसोक्त रडून घेतलं. कुणी विचारलं नाही. दवाखान्यात रडणाऱ्याला कोण विचारतंय.

त्यानंतर ती रवे बांधायचं सोडून काहिलीपाशी मळी काढायला उभी राहायला लागली. भेंडीचं पाणी घातलं की रसातली घाण मळी होऊन वर येते, ती झाऱ्यानं काढायची. बाळासो शेजारी उभा. तिच्या तोंडावर वाफ, पाठीला थंडी, दंड भरून यायचे. मळी निघाली की ती ओठ न हलवता बोलायला लागायची. "फेस खाली बसला... लाल हाय अजून... आता बुडबुडं मोटं झालं..." बाळासो नाकानं वास घ्यायचा, कान देऊन रटरट ऐकायचा, थेंब पाण्यात टाकून बोटांनी गोळी करून बघायचा. पण रंग तिच्याकडून घ्यायचा. "पिवळं धरलं," ती म्हणायची. तो आणखी थोडा थांबायचा, इतकाच की तिला भीती वाटावी, आणि मग गुऱ्हाळ दणाणून सोडायचा, "उतरवा!" चौघं गडी दांडा ओढायचे, काहील तिरपी व्हायची, गूळ गार करायच्या वाफ्यात पसरायचा, सोन्यासारखा.

सुरुवातीला तो हळूच विचारायचा. पुढं विचारेनासा झाला. तीच सांगायची. आणि एकदा, रटरट ऐकून त्यानं तोंड उघडलं तेव्हा ती म्हणाली, "थांबा. न्हाय झालं अजून." तो थांबला. गूळ त्या दिवशी सगळ्यात चांगला पडला. संध्याकाळी तो जेवला नाही.

चुलवणावरच्या कृष्णातला सगळं उमगलं होतं. खाली बसून चिपाडं ढकलणाऱ्या माणसाला वरच्यांचे पाय तेवढे दिसतात, आणि बाळासोचे पाय आता चाचपत पडत होते. पण तो बोलला नाही. बयाबाईनं डावा हात जरा वर केला की जाळ कमी करायचा, एवढंच.

"मार्चात तरी जाऊन बसूया दवाखान्यात. पाया पडूया," ती म्हणायची.

"एवढी काहील उतरू दे."

शिमग्याच्या आधी ऊन तापलं आणि एका सकाळी बाळासोचं डोकं उठलं. डोळा लालभडक झाला, पाणी खळेना. दुपारी ओकला. त्यानं ओलं फडकं बांधलं आणि त्या फडक्यासकट काहिलीपाशी उभा राहिला. गडी म्हणाले, "अप्पा, पडा जरा." तो म्हणाला, "धूर गेलाय." दुसऱ्या दिवशी दुखणं इतकं वाढलं की तो भिंतीला कपाळ घासायला लागला. बयाबाई म्हणाली, "आता मी मालकास्नी सांगतो." तिच्या मनगटाला त्यानं असं धरलं की वळ उठला. "सांगितलंस तर माझं मेल्यालं तोंड बगशील. एप्रिलला हाय की आपला लंबर. आलाच एप्रिल."

तिनं ऐकलं. ह्यापुढं जन्मभर तिला ते डाचणार होतं, पण तेव्हा तिनं ऐकलं.

तिसऱ्या दिवशी तो वाफ्याच्या कठड्यावर आडवा झाला आणि उठलाच नाही. अमरसिंहनं उचलून जीपमध्ये घातला. बयाबाईनं रस्ताभर त्याचं डोकं मांडीवर धरलं होतं. सरकारी दवाखान्याच्या वळणावर अमरसिंह थांबला नाही. "तितं रांगंत मरंल ह्यो," म्हणाला आणि गाडी राजारामपुरीकडं घेतली.

तीच काच, तीच पोरगी. या वेळी दार तिनं आधीच उघडून धरलं. डॉक्टरीणबाईंनी लगेच आत घेतलं. पाहून झाल्यावर त्यांनी यंत्र बाजूला सारलं. मग म्हणाल्या, "मोती फुगून दाब वाढला. नस गेली. दुखणं थांबवायला ऑपरेशन आजच करते. पण नजर आता येणार नाही. उजेड कळेल फार तर. मी सांगितलं होतं ना, थांबू नका म्हणून?"

"म्हंजे, कधी सांगटलं हुतं?" अमरसिंह बयाबाईकडं वळला.

बयाबाईनं पिशवीतून सरकारी दवाखान्याचा कागद काढून टेबलावर ठेवला. डॉक्टरीणबाईंनी तो वाचला. "इथं तर लिहिलंय, सहावी ओळ वाचली. हे कसं शक्य आहे? या डोळ्यानं पहिलं अक्षरही दिसलं नसेल."

"माझ्यासमोर वाचली की," अमरसिंह म्हणाला. "मी हुतो तितं."

खाटेवर पडलेला बाळासो बोलला. आवाज अगदी साधा होता. "पाठ हुतं."

"काय?"

"बसून बसून पाठ झालं. सकाळधरनं ऐकत हुतो."

"पर कशापायी अप्पा? डाक्टरासमोर कशापायी?"

"तू हुतास न्हवं तितं," बाळासो म्हणाला.

अमरसिंह बाहेर गेला, काचेच्या पलीकडं उभा राहिला. मग टेबलापाशी जाऊन त्यानं पैसे भरले. भिंग घालायचं नव्हतं, म्हणून आकडा आधीपेक्षा कमी होता.

पट्टी निघाली तेव्हा डॉक्टरीणबाईंनी त्याच्या डोळ्यापुढं हात हलवला आणि बाळासो म्हणाला, "खिडकी उजवीकडं हाय." बस, तेवढंच.

गुऱ्हाळावर अजून ऊस होता. तोडलेला तर होताच, उभाही होता. हंगामाच्या शेवटाला नवा गुळव्या कुठून मिळणार? हंबीरराव स्वतः उभे राहिले. पहिली काहील पाघळली, दुसरी काळी पडली. दुसरीचा गूळ बघून ते शिव्या देत खाली बसले.

कृष्णात चुलवणातून वर आला, हात पुसत. "मालक, एक सांगू? आक्कास्नी इचारा."

"काय इचारू?"

"काहील कवा उतरवायची त्ये. थंडीपासनं त्याच सांगत्यात."

हंबीरराव मोठ्यानं हसले. पण कुणीच हसेना, तसे थांबले. अमरसिंहनं मान खाली घातली होती. हंबीररावांनी एकदा त्याच्याकडं पाहिलं, एकदा खोपटाच्या दारात बसलेल्या बाळासोकडं. मग बयाबाईला बोलावलं. "बाईमाणसानं काहील उतरवल्यालं मी बापजन्मात बगितलं न्हाय. पर ऊस वाळाय लागलाय. बगा जमतंय का. हजरी मातर बाईचीच देईन, आधीच सांगतो. गडी कुरकुरतील न्हाय तर."

तिनं बाळासोकडं पाहिलं. त्याला ऐकू गेलं होतं. कृष्णातनं त्याला हाताला धरून आणलं आणि चिपाडाच्या ढिगावर बसवलं. डोळ्यावर हिरवं फडकं, गुडघ्यावर हात. पटका त्यानं नीट बांधला होता.

रस तापला. मळी आली, गेली. बयाबाई काहिलीवर वाकून उभी होती आणि आज तिला कुजबुजायचं नव्हतं. फेस बसला. बुडबुडे मोठे झाले, जड झाले, फुटताना चटचट वाजायला लागले. लाल उतरला, पिवळा चढला. तिनं थेंब पाण्यात टाकला, गोळी बोटांत दाबली. डावा हात वर केला. खाली कृष्णातनं जाळ मोडला. आणखी थोडं. आणखी थोडं.

"उतरवा!"

आवाज बारीक आला. चौघं गडी दांड्यापाशी उभे होते. त्यांचे हात हलले नाहीत. ते हंबीररावांकडं बघायला लागले. हंबीरराव मिशी चावत होते.

"उतरवा की!" ती पुन्हा म्हणाली. काहिलीच्या कडेला रंग गडद व्हायला लागला होता. एक गडी नजर चोरून चिपाडाच्या ढिगाकडं बघत होता. मग दुसराही बघायला लागला. सगळेच बघायला लागले.

बाळासो उठला. कुणाच्या आधाराशिवाय उठला, ढिगावर पाय घसरला, सावरला. तोंड काहिलीकडं नव्हतं, चरकाकडं झालं होतं. त्या उलट्याच दिशेला तोंड करून तो गुऱ्हाळ दणाणून सोडत ओरडला, "बहिरं झालासा व्हय रं? गुळव्या उतरवा म्हनतीया न्हवं!"

गड्यांनी दांड्याला हात घातले. काहील करकरत सरकली, तिरपी झाली. गूळ वाफ्यात पसरला, पिवळाधमक. हंबीरराव वाकून बघायला लागले. कुणीतरी "वा आक्का" म्हणालं.

बाळासो चाचपत खाली बसला. पटका काढून त्यानं मांडीवर ठेवला आणि त्याचे खांदे हलायला लागले. बयाबाईनं ते पाहिलं. तिला धावत त्याच्यापाशी जायचं होतं. पण रिकामी काहील चुलवणावर परत चढली होती, मांदणातला रस तिच्यात सुटला होता, आणि आता तिला जागचं हलता येत नव्हतं.